वाहत्या पाण्याचे बारा अंश

"बारा. शार्प बारा डिग्री," पाटणकर म्हणाला. "आता तरी ग्राउटिंगची परवानगी द्याल ना मॅडम?"

मीटिंग रूममधले सगळे माझ्याकडे वळले. आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटांवर. सहावा मजला आणि पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची. एसीच्या रिमोटवर अठरा आकडा होता. एसीच्या तोंडासमोर आमचा डायरेक्टर अभिजित जाकीट घालून बसला होता आणि काचेजवळच्या खुर्चीत मी रुमालाने मान पुसत होते. मे महिन्यातली दुपार होती.

पाटणकर म्हणजे आमचं धरण बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा प्लॅनिंग मॅनेजर. राहणारा बोरिवलीचा. धरण तिकडे उत्तरेत, हिमालयातल्या एका अरुंद दरीत, आणि हे गृहस्थ ते अंधेरीतून बांधत होते. दर आठवड्याला आमच्याकडे यायचे, लॅपटॉप उघडायचे आणि रंगीत पट्ट्यांचा चार्ट दाखवायचे. त्या चार्टवर ग्राउटिंगची पट्टी लाल झाली होती. त्यांना ती हिरवी करायची होती. त्यापलीकडे धरणाशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

ती परवानगी माझ्या सहीने जायची. मी सुजाता कासारे, या कंपनीत सव्वीस वर्षं धरणांचं डिझाइन करते आहे. सही का अडली होती ते कळायला धरणाबद्दल थोडं सांगावं लागेल.

आपल्याकडची बहुतेक धरणं स्वतःच्या वजनावर उभी असतात. पाणी ढकलतं, धरण जड असतं, म्हणून हलत नाही. हे धरण कमानीचं होतं. म्हणजे उंच पण पातळ, वरून पाहिलं तर वाकलेलं, फुगीर बाजू पाण्याकडे. पाण्याचा रेटा अशी कमान दोन्ही बाजूंच्या डोंगरांत नेऊन सोडते. त्यासाठी डोंगर भक्कम हवेत आणि कमान सलग हवी.

लोड म्हटलं की लोकांना पाणी आठवतं. पाणी, धरणाचं वजन, तळाशी साचणारा गाळ, भूकंप, हे सगळं आम्ही हिशेबात धरतोच. कमानीच्या धरणात तापमान हाही तितकाच मोठा लोड असतो. काँक्रीट तापलं की फुगतं आणि गार झालं की आकसतं. आमची कमान दोनशे मीटर लांब होती. तिच्यासाठी एका अंशाला साधारण दोन मिलिमीटर असा हिशेब बसतो.

एवढी कमान एका दमात ओतता येत नाही. पंधरा-पंधरा मीटरचे ठोकळे वेगवेगळे ओततात. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं, त्यामुळे ठोकळे आतून चांगलेच तापतात. पुढे गार होताना ते आकसतात आणि दोन ठोकळ्यांच्या मध्ये बारीक फट पडते. त्या फटींमध्ये पातळ कालवलेलं सिमेंट दाबाने भरायचं, याला ग्राउटिंग म्हणतात. ते झालं की सुट्या ठोकळ्यांची एक कमान होते. ती पुन्हा सोडवता येत नाही.

म्हणून फटी भरायच्या आधी ठोकळे पुरते गार हवेत. या धरणाला मी बारा अंशांची मर्यादा घातली होती. ठोकळे गरम असताना फटी भरल्या तर पहिल्याच थंडीत ते आकसतात आणि फटी परत उघडतात. तेव्हा तलाव भरलेला असला, तर जो रेटा डोंगरात जायचा तो पातळ भिंतीच्या पायावर येतो आणि पाण्याकडच्या बाजूने पायाशी तडा जातो. धरणाखाली चार किलोमीटरवर एक बाजाराचं गाव आहे. साइटवर गेले की मी तिथल्याच एका खानावळीत राजमा-भात खाते. गरम ठोकळ्यांवर सही करायची म्हणजे त्या गावाच्या डोक्यावर करायची, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ठोकळे गार करण्यासाठी त्यांच्या पोटात पाइपांची वेटोळी घातलेली असतात. त्यांतून नदीचं बर्फगार पाणी फिरवायचं. हे काम हिवाळाभर चालायला हवं होतं. पंप आले एप्रिल संपताना. पाटणकरच्या चार्टवर मात्र ते ऑक्टोबरमध्येच येऊन पोचले होते.

"पाणी किती दिवस फिरवलंत?" मी विचारलं.

"सोळा."

"सोळा दिवसांत बारावर आलं?"

"आमची टीम झकास आहे, मॅडम."

"ठोकळ्यांमध्ये थर्मामीटर पुरलेत ना? ते काय दाखवतात?"

"अकरा पुरले होते. नऊ बंद पडलेत. काँक्रीट ओतताना वायरी तुटल्या."

"आणि उरलेले दोन?"

"ते फॉल्टी आहेत."

"काय दाखवतात?"

"तेवीस."

"मग फॉल्टी कशावरून?"

"आउटलेटच्या रीडिंगशी जुळत नाहीत ना!"

आउटलेट म्हणजे वेटोळं फिरून पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड. अशी चाळीस तोंडं होती आणि चाळीसही ठिकाणी बाराच्या आसपास आकडे होते. अभिजितने लगेच न्यायनिवाडा केला. "दोन विरुद्ध चाळीस. मेजॉरिटी बघा ना मॅडम." काँक्रीटचं तापमान मतदानाने ठरतं हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

अभिजित आमच्या मोठ्या सरांचा मुलगा. मोठ्या सरांनी कंपनी धरणांवर उभी केली. हा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये ऑफिसात येऊन झेरॉक्स मशीनशी खेळायचा तेव्हापासून मी त्याला बघते आहे. मोठे सर गेले आणि याने कंपनी टॉवरकडे वळवली. मुलुंडला टॉवर, बोरिवलीला टॉवर. तापमान हा त्याच्या लेखी लोडच नाही. इमारत पंचेचाळीस मीटरपेक्षा लांब झाली की मध्ये एक सांधा मोकळा सोडायचा, की विषय संपला. या धरणाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने विचारलं होतं, "मग कमानीतही मध्ये एक एक्स्पान्शन जॉइंट ठेवून टाकू ना?" मी हसले होते. मधोमध मोकळी सोडलेली कमान ही कमान राहत नाही, हे समजावायला मला अर्धा तास लागला आणि तरी ते त्याला पटलं असं वाटलं नाही.

मी मीटिंगमधून बाहेर आले आणि ग्रेगरीला फोन लावला. ग्रेगरी गोराईचा. आमच्या कंपनीतर्फे साइटवर राहून मोजमापाची उपकरणं सांभाळणारा टेक्निशियन. वय पन्नाशीचं, आणि तोंडावर एक नि मागे एक असं त्याला जमत नाही.

"ग्रेगरी, आउटलेटचं पाणी कसं मोजलं?"

"कसं म्हणजे? नळाखाली थर्मामीटर धरला, आकडा दिसला तो लिहिला."

"पाणी चालू ठेवून?"

"चालूच आहे ना दिवसरात्र. मागच्या आठवड्यात तर वॉल्व्ह फुल ओपन केले. आकडा लगेच चार डिग्री खाली. हे लोक एवढे खूश झाले, पेढे वाटले मॅडम."

"तू खाल्लास?"

"खाल्ला. पेढ्याने काय केलंय?"

मी कपाळाला हात लावला. नदीचं पाणी नऊ अंशांचं. ते पाइपातून जोरात पळवलं तर काँक्रीटची उष्णता घ्यायला त्याला वेळच मिळत नाही, ते जसं आत जातं जवळजवळ तसंच बाहेर पडतं. बारा अंश हा त्या धावत्या पाण्याचा आकडा होता. काँक्रीट किती गरम आहे ते त्यातून कळत नाही. रिमोटवर अठरा दिसतं म्हणून माझी खुर्ची अठरा अंशांवर येत नाही, तसंच हे. खरी पद्धत अशी की वेटोळ्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद करायचे आणि पाणी चार दिवस आतच कोंडून ठेवायचं. तेवढ्या वेळात ते आजूबाजूच्या काँक्रीटइतकं होतं. मग उघडून मोजायचं.

ग्रेगरीला हे समजावावं लागलं नाही. "कळलं," तो म्हणाला. "मासळीच्या पेटीखालून बर्फाचं पाणी गळतं, ते गारच असणार. मासळी आत गार झाली का, ते बोट लावल्याशिवाय कळत नाही. मग बंद करू काय?"

"तीन ठोकळ्यांतली तीन वेटोळी बंद कर. तपासणी सांगायचा अधिकार माझा आहे. रजिस्टरला माझं नाव लिही आणि वॉल्व्हला सील लाव."

मग पाटणकरला फोन केला. मला वाटलं होतं तो ओशाळेल. तो चक्क हसला.

"मॅडम, तुमचं स्पेसिफिकेशन उघडा. कलम सात पॉइंट चार. वाचा आणि मला सांगा आमचं काय चुकलं."

ते मी घरी जाताना मेट्रोत फोनवर उघडलं. "ग्राउटिंगपूर्वी कूलिंग पाइपच्या आउटलेटवरील पाण्याचे तापमान बारा अंश किंवा त्याहून कमी असावे." बस, एवढंच. पाणी थांबवा, कोंडा, चार दिवस वाट बघा, यातलं अक्षरही नव्हतं. कलम मीच लिहिलेलं. मोठे सर साइटवर जाऊन स्वतःच्या हाताने वॉल्व्ह बंद करायचे. त्यांच्यासोबतचे जुने लोकही न सांगता तेच करायचे. त्यामुळे ते लिहावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षं मी ते कलम एका कामातून उचलून दुसऱ्या कामात चिकटवत होते, फक्त अंशांचा आकडा बदलून. अभिजितला हसणारी मी, आणि माझं काम हे असं. घाटकोपर आलं, डबा रिकामा झाला, तरी मी बसून होते. शेवटी गार्डने येऊन उठवलं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अभिजितच्या केबिनमध्ये पाटणकर आधीच येऊन बसला होता. दोघांचा चहा अर्धा झाला होता.

"मॅडम, कलम तुमचं," अभिजित म्हणाला. "त्यांनी ते पाळलंय. मग प्रॉब्लेम काय आहे?"

"काँक्रीट तेवीस अंशांवर आहे, हा प्रॉब्लेम आहे. कलम अपुरं लिहिलं ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण माझी चूक झाली म्हणून ठोकळे गार होत नाहीत."

"तेवीस हे त्या फॉल्टी थर्मामीटरचं."

"मग चार दिवस थांबा. तीन वेटोळी मी कोंडून ठेवली आहेत. उघडली की कळेल."

पाटणकरने कप खाली ठेवला. "चार दिवस नाहीत हो आपल्याकडे! पुढच्या आठवड्यात क्लायंटचे चेअरमन साइटवर येतायत, ग्राउटिंगचा पंप ते सुरू करणार. मग पावसाळा. आत्ता तलाव नाही भरला तर अख्खं वर्ष गेलं."

"वर्ष परत मिळेल. एकदा भरलेली फट परत मिळणार नाही."

"हे बघा मॅडम," अभिजित घड्याळाकडे बघत म्हणाला, "तुम्हाला सही करायची नसेल तर राहू दे. मलाही सहीचा अधिकार आहे. मी करतो."

"करा ना," मी म्हटलं. "कागद मी तयार करून आणते."

मी माझ्या जागेवर येऊन शिफारशीचं पत्र टाइप केलं. एकच पान. आउटलेटवरील वाहत्या पाण्याचं तापमान, बारा अंश. नदीच्या पाण्याचं तापमान, नऊ अंश. चालू स्थितीतील दोन थर्मामीटर, तेवीस अंश. काँक्रीटचं तापमान योग्य पद्धतीने मोजलेलं नाही. कलम ७.४ मध्ये पाणी कोंडून मोजण्याची अट लिहायची राहिली आहे, ही डिझायनर सुजाता कासारे यांची चूक आहे. आणि सगळ्यात खाली, "वरील माहितीच्या आधारे ग्राउटिंग सुरू करण्याची शिफारस करणार," त्यापुढे नाव आणि सहीसाठी मोकळी जागा. प्रिंट काढली आणि अभिजितसमोर ठेवली.

त्याने पेनाचं टोपण काढलं. वाचायला लागला. अर्ध्यावर आला आणि पुन्हा वरून सुरू केलं.

"असं कोण लिहितं, मॅडम?"

"यातलं काही खोटं असेल तर सांगा, आत्ता बदलते."

"ही 'योग्य पद्धतीने मोजलेलं नाही' वाली लाइन काढा."

"मोजलं की काढते."

त्याने टोपण परत लावलं. पेन खिशात ठेवलं, मग पुन्हा काढून टेबलावर ठेवलं. त्या माणसाने मुलुंडच्या अठ्ठावीस मजल्यांवर डोळे झाकून सह्या केल्या असतील, पण एका पानावर करायची वेळ आली तर हात उचलेना. शेवटी तो म्हणाला, "पाटणकर, मोजमाप तुमच्या लोकांनी केलंय. तुम्हीच करा सही."

"मी?" पाटणकर खुर्चीत मागे सरकला. "मी प्लॅनिंगचा माणूस यार. टेक्निकल सही मी कशी करणार?" आदल्या दिवशी थर्मामीटर फॉल्टी ठरवताना तो पुरेसा टेक्निकल होता.

मग त्या कागदाची वरात निघाली. पाटणकरने तो त्याच्या साहेबाकडे नेला. साहेबाने क्वालिटीवाल्याकडे पाठवला. क्वालिटीवाल्याने "डिझाइन कन्सल्टंटने ठरवावे" असं पेन्सिलीने लिहून आमच्याकडे परत धाडला. अभिजितने तो कॉन्ट्रॅक्टरच्या वकिलाला दाखवा म्हणून सुचवलं. ठोकळे गार झालेत याबद्दल यातल्या एकाच्याही मनात शंका नव्हती. फक्त तसं लिहून खाली नाव घालायला कोणी तयार नव्हतं. चार दिवस नाहीत म्हणून बोंब मारणाऱ्या मंडळींचे यात पाच दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी ग्रेगरीचा फोन आला. "मॅडम, वॉल्व्ह उघडायचे ना?"

"थांब. व्हिडिओवर ये. सगळ्यांना बोलावते."

मीटिंग रूममध्ये मोठ्या स्क्रीनवर ग्रेगरी दिसला. डोक्यावर हेल्मेट, हातात थर्मामीटर, पायाशी दोन बादल्या. त्याने सील दाखवलं, तोडलं आणि वॉल्व्ह उघडला. पहिल्या बादलीत पाणी पडायला लागलं. त्याने थर्मामीटर बुडवला, थोडा वेळ थांबला आणि कॅमेऱ्याजवळ आणला.

"तेवीस."

"थर्मामीटर बरोबर आहे का बघा आधी," अभिजित म्हणाला.

दुसऱ्या बादलीत नदीचं पाणी होतं. त्यात त्याने थर्मामीटर घातला आणि दाखवला. नऊ. मग पुन्हा पहिल्या बादलीत. तेवीस.

"वॉल्व्ह लीक असेल," पाटणकर म्हणाला. "बाहेरचं पाणी आत शिरलं असणार."

"नदीचं पाणी शिरलं असतं तर आकडा खाली आला असता, साहेब," ग्रेगरी म्हणाला. "वर कसा जाईल?"

दुसऱ्या वेटोळ्यातून साडेबावीस निघाले, तिसऱ्यातून चोवीस. फॉल्टी म्हणून बाजूला टाकलेले दोन थर्मामीटर त्या सगळ्या कामात खरं बोलत होते. मी फळ्यावर हिशेब मांडला. तिथल्या थंडीत काँक्रीट नऊपर्यंत उतरतं. तेवीसवर फटी भरल्या असत्या तर चौदा अंशांची घट, म्हणजे दोनशे मीटरच्या कमानीत अठ्ठावीस मिलिमीटर, इंचाहून जास्त. बारावर भरल्या तर सहा. पाटणकरने लॅपटॉप उघडला आणि ग्राउटिंगची पट्टी उचलून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत ठेवली. त्याला तेवढं करायला अर्धं मिनिट लागलं. एवढंच करायचं होतं तर आठवडाभर कशासाठी नाचलो, हे मी विचारलं नाही.

चेअरमन आले आणि पंपाऐवजी एक झाड लावून गेले. तलाव त्या पावसाळ्यात रिकामा राहिला. अभिजितने क्लायंटला लांबलचक पत्र पाठवलं, की आमच्या कंपनीच्या कडक तपासणीमुळे मोठी चूक वेळीच लक्षात आली. "आमच्या" हा शब्द त्यात सात वेळा होता, मी मोजलं. पाणी हिवाळाभर फिरलं. फेब्रुवारीत ग्रेगरीने चाळीसही वेटोळी चार दिवस कोंडली आणि एकेक उघडून मोजली. एकही आकडा बाराच्या वर नव्हता. त्या दिवशी त्याने मला फोन करून एवढंच सांगितलं, "मॅडम, मासळी गार आहे." मी सही केली. माझा हात हलका झाला, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. त्यानंतरच्या जानेवारीत मी तिथे गेले, धरणाच्या पोटातल्या बोगद्यातून बॅटरी घेऊन एकेक सांधा बघितला. सगळे कोरडे आणि बंद होते. येताना गावात राजमा-भात खाल्ला.

आकडा किती हे कोणीही सांगतं. तो कशाचा आहे आणि घेतला कसा, हे विचारायचं असतं. जुनं कलम नव्या कामात चिकटवण्याआधी पुन्हा वाचायचं असतं, ते आपणच लिहिलेलं असेल तर दोनदा. कलम सात पॉइंट चार आता अर्ध्या पानाचं झालंय आणि त्यात चार दिवस, दोन्ही वॉल्व्ह, सील, सगळं आहे.

त्या वर्षीच्या माझ्या वार्षिक मूल्यमापनात एक शेरा आला. "स्पेसिफिकेशन लिहिताना अधिक काळजी घेणे आवश्यक." शेरा बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. खाली अभिजितची सही आहे. ऐसपैस, शाईची, खाली दोन रेघा ओढलेली. ती करायला त्याला पाच दिवस लागले नाहीत.